वेंदु-बालीच्या दोन गिरण्या

सें-लुई,
१२ जानेवारी २००९

माझी गुलाम ताक्को वान हीस,

तुझी मालकीण तेनिंग सार हिचा सलाम. तुमच्या गावातून जिवंत परत आले. तुम्ही पुलार लोकांनी मला आठवडाभर नुसत्या दुधावर ठेवलंत. इथे पोहोचल्या पोहोचल्या मी मासेभाताची अख्खी परात रिकामी केली, तेव्हा कुठे माणसात आले. तू म्हणशील, सेरेरांचं पोट ते, भरायचं कधी? म्हण. त्यासाठीच लिहिलंय.

तू साठीची, मी तिशीची. दुसरी कुणी असती तर मी 'अहो ताक्कोआई' म्हणून खाली मान घालून बसले असते. पण सेरेर आणि पुलार या दोन जमातींत पूर्वजांनी थट्टेचं नातं घालून दिलंय, तिथे मान दिला तर तोच अपमान. आता मात्र थट्टा जरा बाजूला ठेव, कारण माझं घोडं नेमकं तिथेच अडलंय.

तुमच्याकडे आम्ही दोघं आलो होतो. वरच्या आळीतल्या घरांत मी गेले, नदीकडच्या घरांत आब्दू सेक. दोघांचे प्रश्न तेच. आमच्या संस्थेने बसवून दिलेली उन्हावर चालणारी गिरणी वापरता का, कशासाठी वापरता, समाधानी आहात का. काल सगळी उत्तरं कॉम्प्युटरमध्ये भरली. आब्दूच्या बायका एकजात 'अतिशय समाधानी'. माझ्या एकजात 'अजिबात नाही'. गाव एक, गिरणी एक, आठवडाही तोच.

आमचे साहेब सांबू म्हणाले, "तुमच्यापैकी एक जण झाडाखाली बसून मनानेच उत्तरं भरत होता." म्हणताना बघत होते माझ्याकडे.

मी कुठल्या झाडाखाली बसले नाही, हे तुला ठाऊक आहे. तूच मला म्हणालीस, "या गिरणीचं पीठ सेरेरांना घाला, त्यांना दगड चावायची सवय आहे," आणि मी ते निमूट लिहून घेतलं. आता खरं सांग. मी सेरेर म्हणून तुम्ही शिव्या घातल्यात, की गिरणी खरंच वाईट आहे? सांबूंना हे थट्टेचं सांगितलं तर माझी उत्तरं केराच्या टोपलीत जातील आणि आब्दूची तेवढी राहतील. म्हणून आधी तुला विचारतेय. उत्तर तुमच्याकडे फेऱ्या मारणाऱ्या इब्राच्या गाडीने पाठव, फोन करू नकोस. तुमच्याकडे रेंज टेकडीवर, आणि टेकडीवर अख्खं गाव कान लावून.

तुझी मालकीण,
तेनिंग


वेंदु-बाली,
२० जानेवारी २००९

माझ्या पळून गेलेल्या गुलामास,

सहीत 'मालकीण' लिहायला हात धजला तुझा! इब्राने पत्र दिलं तेव्हा मी विहिरीवर होते. सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हसता हसता कुंबाची भरलेली बादली सांडली, तेवढ्या पाण्याचं पाप तुझ्या डोक्यावर.

अगं, सार घराण्याची पोर दारात येऊन विचारते, 'समाधानी आहात का?' आणि आम्ही 'हो गं बाई' म्हणायचं? माझी आजी थडग्यातून उठून मला चपलेने मारेल. सेरेराने सोनं आणलं तरी त्याला पितळ म्हणायचं, ही रीत.

आब्दूचं म्हणशील तर तो सेरेर नाही, पाहुणा. साखर घेऊन आला, चहाची पुडी घेऊन आला, चपला काढून चटईवर बसला, आधी गुरांची चौकशी केली. असल्या माणसाच्या तोंडावर 'तुमची भेट आवडली नाही' कोण म्हणेल? पुलार माणसाला कुणी 'कसं काय' विचारलं, तर घराला आग लागलेली असली तरी तो आधी 'कुशल, सगळं कुशल' म्हणतो आणि मग पाणी मागतो.

तेव्हा तुझी उत्तरं खोटी, हे कबूल कर आणि मोकळी हो. गिरणी चांगली आहे. आब्दूचंच पुढे पाठव. शेजारच्या गावच्या बायका सांगतात, ज्या गावाने 'समाधानी' म्हटलं त्याला पुढच्या वर्षी भाजीच्या मळ्याला तारेचं कुंपण मिळालं. आमच्या मळ्यात बकऱ्या शिरतात. समजलीस ना? असलं काही उघड लिहायचं नसतं, पण सेरेरांना आडून बोललेलं कळत नाही.

माझी सून राकी सलाम सांगते. तिला सहावा महिना लागलाय आणि ती घरातली सगळी चिंच संपवतेय.

तुला विकून टाकायच्या विचारात असलेली,
ताक्को


सें-लुई,
२९ जानेवारी २००९

ताक्को,

हात दाखवून अवलक्षण कसं करायचं, ते तुझ्याकडून शिकावं.

एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली होती. आम्हाला ती सांगायची बंदी आहे, कारण सांगितली की लोक ती मनात धरून उत्तर देतात. आज मी तो नियम मोडतेय. कुंपणबिंपण काही येणार नाही. उलट तुमच्या त्या जुन्या बाभळीजवळची डिझेलची गिरणी जाणार आहे. ती याच संस्थेने दिली होती आणि कागदोपत्री अजून संस्थेचीच आहे. वेंदु-बाली नव्या गिरणीवर समाधानी आहे असं ठरलं की जुनी उचलायची आणि दुसऱ्या जिल्ह्यात न्यायची, पेरणीच्या आधी. दोन गिरण्या एका गावाला कशाला, असा हिशेब. तुम्ही 'छान, छान' म्हणत स्वतःच्या हाताने तिचे खिळे काढताय.

इकडे माझी आणखी फजिती झाली. सांबू दिओला आहेत. दिओला आणि सेरेर यांचंही तुमच्या-आमच्यासारखंच थट्टेचं नातं. त्यांनी माझ्या तक्त्यावर लाल शाईने लिहिलं, 'सेरेरांची बनवाबनवी. उत्तर द्या.' मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी खाली लिहिलं, 'दिओलांनी ताडी उतरल्यावर पुन्हा वाचावं.' ऑफिसभर हशा झाला. ते हसले नाहीत. दोन दिवसांनी मला कळलं की त्यांनी ते मनापासून लिहिलं होतं. माझी नोकरी आता धाग्यावर आहे.

ते असो. मला फक्त एवढंच सांग, जुनी गिरणी गेली तर तुमचं चालेल का?

तेनिंग


वेंदु-बाली,
७ फेब्रुवारी २००९

माननीय तेनिंगबाई सार यांस,

सविनय सलाम. आपण व आपल्या घरची मंडळी कुशल असतील अशी आशा आहे. पत्रास कारण की, आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं मला आवश्यक वाटतं.

आमच्याकडे रोजचं रात्रीचं जेवण दुधातल्या लाच्चिरीचं, हे आपण पाहिलंच आहे. त्यासाठी बाजरी सडून, धुऊन, ओलसर असतानाच दळावी लागते. तसं केलं तरच पिठाच्या कण्या हाताखाली वळतात आणि वाफेवर फुगतात. आपल्या संस्थेची नवी गिरणी ओलं धान्य घेत नाही. घातलं तर घशात घास अडकल्यासारखी थांबते. कोरडं दळलं तर पीठ रेतीसारखं निघतं. शिवाय ती ऊन वर आल्याशिवाय सुरू होत नाही, आणि धुतलेली बाजरी तोवर आंबते. म्हणून आम्ही सगळ्या जणी दिवस उजाडताना जुन्या गिरणीवर जातो. नवीवर मका दळतो. आपल्या संस्थेची जीप आली की मात्र सगळ्या जणी पाट्या घेऊन नवीपुढे उभ्या राहतो. त्यांनी एवढ्या लांबून आणून दिली, त्यांना वाईट वाटू नये, म्हणून.

जुनी गिरणी येण्याआधी मी मुसळाने कुटत असे. लग्नाच्या दुसऱ्या सकाळी सासूने मुसळ हातात दिलं, ते अर्धं आयुष्य सुटलं नाही. माझे तळवे आपण पाहिले आहेत, त्यावर आपण विनोदही केला होता, आणि मीही हसले होते. डिझेलची गिरणी आली त्या दिवशी मी शपथ घेतली की माझ्या घरात सून म्हणून येणारी मुलगी रोजच्या पिठासाठी मुसळ उचलणार नाही. राकी आता दोन जिवांची आहे.

मी आपल्याला गिरणी चांगली आहे असं लिहिलं, ते कुंपणाच्या लोभाने. तो माझा मूर्खपणा. आपल्याला काही करता आलं तर करावं, अशी नम्र विनंती आहे.

आपली आज्ञाधारक,
ताक्को वान


सें-लुई,
१५ फेब्रुवारी २००९

ताक्को,

तुझं पत्र वाचून मी रडले. 'माननीय' वाचलं आणि वाटलं, आपल्या दोघींतलं कुणीतरी मेलं. पुन्हा असं लिहिलंस तर तुझं पत्र न फोडता परत पाठवीन.

रडून झाल्यावर कामाला लागले. तुमच्या आळीची सगळी उत्तरं पुन्हा वाचली. आम्ही उत्तर लिहिताना बाईचे शब्दही तसेच्या तसे टिपतो, ते कुणी वाचत नाही, फक्त 'हो-नाही' मोजतात. मी वाचले. एक म्हणते, 'या पिठाने सेरेरांची घरं लिंपा.' दुसरी म्हणते, 'ओली बाजरी बघितली की ही नव्या नवरीसारखी रुसते.' तिसरी, 'सूर्य उठल्यावर उठणारी गिरणी, सेरेरांसारखी आळशी.' प्रत्येकीने मला शिवी दिली, पण दुखणं प्रत्येकीने तेच सांगितलं. छपराला कुणी नावं ठेवली नाहीत, गिरणी चालवणाऱ्या बाईला नाहीत, आवाजालाही नाहीत. थापा मारणारी माणसं ठरवल्याशिवाय अशी एकाच जागी बोट ठेवत नाहीत. थट्टेच्या नात्यात माणूस वाढवून बोलतो, पण हवेतून बोलत नाही.

हे सगळं मी सांबूंपुढे मांडलं, थट्टेच्या नात्यासकट. माझी उत्तरं टोपलीत जाणार असतील तर जाऊ देत म्हटलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "थट्टेवर अहवाल लिहिता येत नाही. मी स्वतः जाऊन विचारतो."

आता ही चांगली बातमी की वाईट, तूच ठरव. कारण ते दिओला. तुमच्या गावात ते पाहुणे. तुम्ही त्यांना बकरा कापून घालाल आणि 'छान, छान' म्हणाल. ताक्को, त्यांना तोंडावर सांग. मला लिहिलंस तसं.

तेनिंग


वेंदु-बाली,
२१ फेब्रुवारी २००९

रडूबाई सेरेर हीस,

तू रडलीस हे ऐकून बरं वाटलं. गुलामाला मालकिणीची माया असावी.

पण तू मागतेस ते कठीण आहे. बैठकीला गावप्रमुख हामादीभावजी असणार, ते माझे थोरले दीर. त्यांच्या समोर, त्यांच्याच चटईवर बसलेल्या पाहुण्याला मी 'तुमचं देणं नको' म्हणायचं? वेंदु-बालीत हे कुणी केलेलं नाही. कुंबाला विचारलं, ती म्हणाली, "मी आजारी पडते त्या दिवशी."

यावर माझा उपाय असा. तू सोबत ये. मी त्याच्याकडे बघणारसुद्धा नाही. तुझ्याकडे बघून तुझ्या सात पिढ्या उद्धरीन, गिरणीसकट. त्याने बसून ऐकावं.

ताक्को


सें-लुई,
२७ फेब्रुवारी २००९

ताक्को,

मला येता येणार नाही. सांबू म्हणाले, वाद तुझ्याच उत्तरांवरून आहे, तू तिथे असलीस तर लोक तुझ्याकडे बघून बोलतील. (तुझा उपाय त्यांनी न वाचताच ओळखला.) ते येत्या गुरुवारी निघताहेत, सोबत आब्दू.

घाबरू नकोस असं मी लिहिणार नाही, कारण तू घाबरतेस यावर माझा विश्वास नाही. तू बोलली नाहीस तर मात्र कुणीच बोलणार नाही.

तेनिंग


वेंदु-बाली,
९ मार्च २००९

भातखाऊ तेनिंग हीस,

तुझा सांबू येऊन गेला. सगळं क्रमाने सांगते, मध्येच शेवट वाचायला उडी मारू नकोस.

भावजींनी बकरा कापला. चटया अंथरल्या, सांबू मधोमध, आब्दू शेजारी. जेवण अर्ध्यावर आल्यावर सांबूने विचारलं, "नवी गिरणी कशी आहे?" भावजी म्हणाले, "अल्लाची कृपा, तुमची कृपा." म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मग त्याने बायकांकडे वळून विचारलं. "छान, छान." वरच्या आळीच्याही आणि नदीकडच्याही. आणि तेनिंग, माझ्याही तोंडून 'सगळं कुशल' निघून गेलं! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तसं. आणि तोंड आमचं आम्हीच दाबलेलं. सांबू आब्दूकडे बघून हसला. मला जुनी गिरणी गाडीत चढताना दिसू लागली.

तेवढ्यात दवाखान्यातला नर्स दिऊफ आला. तुझ्याच जातीचा, जेवण संपायच्या आत बरोबर हजर. माझ्या जिभेने सवयीनेच म्हटलं, "आला का गुलाम! मांसाचा वास लागला वाटतं."

"गुलाम जेवून घेतात, मग मालक येतो," दिऊफ म्हणाला आणि परातीला येऊन चिकटला.

सांबूचा हात थांबला. "दिऊफ? म्हणजे सेरेर?"

"तर काय!"

"मग बाई, तुमची काहीतरी चूक होतेय. सेरेर आमचे गुलाम. दिओलांचे. पूर्वीपासून."

मी म्हटलं, "असतील तिकडे दक्षिणेत. इथे याला पोसतो कोण? आम्ही."

"याला पोसणं म्हणता? हाडं मोजून घ्या याची! माझ्या गुलामाला तुम्ही खायला घालता तरी काय?"

झालं! त्या क्षणी तो पाहुणा राहिला नाही गं. आमच्या मालावर हक्क सांगणारा झाला. आणि तसल्या माणसाशी कसं बोलायचं, ते आम्हाला शिकवावं लागत नाही.

"तुमच्याच गिरणीचं पीठ घालतो!" मागून कुंबा ओरडली. (आजारी पडणार होती ना?) "म्हणून वाळलाय!"

"त्या पिठाची लाच्चिरी खाऊन याचा दात पडला," मी म्हटलं.

"दोन पडले!" दिऊफ म्हणाला आणि जबडा उघडून सगळ्यांना दाखवू लागला. मग काय विचारतेस! ओली बाजरी, अडकलेली गिरणी, उन्हाची वाट बघत आंबलेल्या पाट्या, जे कुणी आयुष्यात पाहुण्याला सांगितलं नसतं ते दिऊफच्या दातांच्या नावाने सगळं बाहेर पडलं. नदीकडच्या बायका सगळ्यांत पुढे. भावजी डोळे पुसत होते हसून. सांबूही पोट धरून हसत होता, आणि मग हळूहळू हसायचा थांबला. माणूस मूर्ख नाही.

"हे थट्टेत चाललंय," त्याने विचारलं, "की खरं आहे?"

सगळ्यांनी भावजींकडे बघितलं, भावजींनी जमिनीकडे. मी उठले.

"सांबूसाहेब, तुम्ही आमच्या घरचं अन्न खाल्लंत, तुमचा मान आमच्या डोक्यावर. आम्ही समाधानी नाही. नवी गिरणी आमचं धान्य दळत नाही. जुनी तुम्ही नेलीत तर माझी सून उद्यापासून मुसळ उचलेल, आणि मी ते होऊ देणार नाही."

एवढ्या वयात पाहुण्याला 'नाही' म्हणायची माझी पहिली वेळ. पण आवाज कापला नाही, हे सांबूला विचार हवं तर.

भावजींनी घसा साफ केला. मला वाटलं, आता चारचौघांत माझी खरडपट्टी. ते म्हणाले, "पाहुणे, आज मुक्काम करा. सकाळी आमच्यासोबत जुन्या गिरणीवर चला."

दिवस उजाडताना ते दोघं आले. आम्ही सगळ्या रांगेत, डोक्यावर ओल्या बाजरीच्या पाट्या. सांबू रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला, पाटीत हात घालून बाजरी चोळून बघितली. बिचारा आब्दू मात्र मान वर करेना. त्याच्या सगळ्या 'अतिशय समाधानी' बायका तिथे उभ्या होत्या आणि एकेकजणी त्याला अदबीने सलाम करत होती.

सांबू सगळ्यांसमोर म्हणाला, "ही गिरणी इथेच राहील, आणि गावाच्या नावावर होईल. नवीला ओलं धान्य झेपेल अशी मोटर मिळते का, ते मी बघतो." मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "तेनिंगला कळवा, तिची उत्तरं अहवालात राहतील, आणि तीही राहील." तो तुला स्वतः सांगणार नाही, दिओला आहे ना, म्हणून मी सांगतेय.

गाडीत बसताना त्याने काच खाली केली आणि हसून विचारलं, "काय, आता तरी समाधानी ना?"

आमची तोंडं सवयीने उघडली होती. भावजींचं 'अल्लाची कृपा' ओठांवर आलंसुद्धा होतं. तेवढ्यात माझ्या मागून राकी बोलली. तीच राकी, जिने लग्न होऊन आल्यापासून थोरल्या सासऱ्यांसमोर मान वर करून बघितलेलं नाही.

"आधी मोटर बसवा," ती म्हणाली. "आम्ही दळून बघतो, शिजवून बघतो, खाऊन बघतो. मग विचारायला या."

सगळे माझ्याकडे बघू लागले, सून माझी म्हणून. मी तिला गप्प केलं नाही.

ताक्को